शंभरातून सात

दिनांक ९ डिसेंबर १९९७, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. रक्तातली साखर ४१. हजर चौघं : नेरूळच्या आमच्या डॉक्टर मॅडम, त्यांच्याकडची सिस्टर, माझी पत्नी सुलभा आणि मी. माझं वय त्या दिवशी बावन्न वर्षं चार महिने.

आकडा आधी लिहिला, कारण त्या सगळ्या प्रकरणात माझ्या बाजूनं बोलणारा तो एकटाच होता. त्याआधीचे सहा महिने माझं डोकं वडिलांच्या वाटेनं निघालंय असं मी धरून चाललो होतो. घरच्यांनी, कारखान्यानंही तेच धरलं होतं.

विसरण्याची तक्रार घेऊनच आम्ही गेलो होतो. मॅडमनी महिना विचारला. मी ऑक्टोबर सांगितला. मग म्हणाल्या, शंभरातून सात वजा करा, जे येईल त्यातून पुन्हा सात, असं खाली खाली जा. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. एकशे चौऱ्याऐंशी कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम आणि पगार बावीस वर्षं मी काढत आलो. त्र्याण्णव म्हणालो आणि पुढं काही येईना. त्र्याण्णव समोर होते, सात समोर होते, दोघांचं मिळून काय करायचं तेच आठवत नव्हतं. डिसेंबर असून शर्ट पाठीला चिकटला होता. सुलभा माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मॅडमनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टरनं बोटाला सुई टोचली, मशीनमध्ये थेंब घातला. ४१. लगेच मला चार चमचे साखर घातलेलं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, आता करा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर असा सरळ दोनपर्यंत आलो आणि पुढं सात जात नाहीत म्हणून थांबलो.

"स्मृतीचा आजार ग्लासभर साखरपाण्यानं उतरत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि माझ्या एका गोळीनं साखर एवढी खाली यायला नको. दुसरं काय घेता?"

"काही नाही," मी म्हणालो. मला माहीत होतं तेवढं ते खरं होतं.

सुलभानं पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मॅडमनी ते पाहिलं. म्हणाल्या, घरी गेल्यावर स्वयंपाकघरात काय काय आहे ते एकदा बघा. सांगत मला होत्या, बघत तिच्याकडे होत्या.

*

वडिलांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे नेरूळला शेवटची सहा वर्षं होते. कोरेगावजवळच्या गावी शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांना साखर होती, रक्तदाब होता, आणि दोन्हीकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. आधी किल्ल्या विसरायला लागले, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. सुलभाला ते आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत. तिनं त्यांना आंघोळ घातली, भरवलं, कपडे बदलले. मी आठला कारखान्यात गेलो की सहाला परत. ते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिचे होते. ते दोनदा वाट चुकल्यावर तिनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. नाव, सेक्टर, बिल्डिंग, खोली.

अण्णा १९९० साली गेले. पुढच्याच वर्षी कारखान्याच्या तपासणीत माझी साखर निघाली, २८०. रक्तदाबही वरचा. त्या दिवशी मॅडमनी मला पाय, डोळे, किडनी सगळं समजावलं. मी एकच विचारलं : वडिलांचं झालं तसं माझं होईल का? त्या म्हणाल्या, हमी कुणीच देणार नाही. पण साखर आणि रक्तदाब मोकाट सोडले तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, एवढं माहीत आहे. ते दोन काबूत ठेवा, तंबाखू सोडा, चाला, पुरेसं झोपा, डोकं चालतं ठेवा, माणसांत राहा.

मी तंबाखू त्याच आठवड्यात सोडली. पापड-लोणचं बंद केलं. रोज पन्नास मिनिटं चालायला लागलो. चालता चालता तेरापासून एकोणतीसपर्यंतचे पाढे म्हणायचो, एक दिवस सरळ, एक दिवस उलटे. अण्णांच्या ट्रंकेत जुने मोडी कागद होते, ते वाचता यावेत म्हणून पन्नाशीला मोडी गिरवायला घेतली. शंभर पानी वही केली. त्यात तारीख, चालणं, रक्तदाब, पाढ्यातल्या चुका, दिवसभरातलं विसरणं आणि त्याची वेळ. घरी सांगितलं की हे सगळं साखरेसाठी.

खरं कारण एकाच माणसाला सांगितलं. दिगूभाऊ आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. सकाळी खाडीच्या बाजूला आम्ही पाच-सहा जण चालायला जातो, त्यात ते माझ्या शेजारी. पाढे तेच तपासायचे. एकदा मी त्यांना म्हणालो, मला साखरेची भीती नाही, अण्णांसारखं होण्याची आहे. सुलभाला कळू देऊ नका, तिनं एकदा भोगलंय. नाही सांगणार, शब्द दिला, असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून आठवतो.

*

१९९७ च्या जून अखेरीपासून चुका सुरू झाल्या. आधीच्या दोन वर्षांत वहीत महिन्याला दोन किंवा तीन चुका असायच्या, चष्मा कुठं ठेवला अशा. जुलैत अकरा झाल्या. ऑगस्टमध्ये एकोणीस. पाढे सकाळी बिनचूक यायचे, आणि अकराच्या सुमारास टेबलावरच्या हजेरीच्या कार्डांमध्ये मी हरवायचो. एकच नाव दोनदा वाचायचो. हात थरथरायचे, घाम यायचा, उगाच राग यायचा. मी समजलो, भीतीनं होतंय.

ऑगस्टच्या पगारात सात जणांचे आकडे चुकले. आमच्याकडे पाटणचा शंकर म्हणून एक फिटर आहे, तोंडाचा फटकळ. खिडकीशी येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, माझ्या दोन हजेऱ्या खाल्ल्या तुमी. एवढी भूक लागली हुती काय?" रांग हसली. मीही हसलो. आज वाटतं, त्या सहा महिन्यांत माझ्या आजाराचं बरोबर निदान केलं ते शंकरनं, पण ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

सप्टेंबरमध्ये मॅनेजरनी पगाराचं रजिस्टर माझ्याकडून काढून एका नव्या माणसाकडे दिलं. मला गेटपासवर बसवलं. वाकडं कुणी बोललं नाही, उलट सगळे फार सांभाळून बोलायला लागले. ते जास्त लागलं.

मी सवयी दुप्पट केल्या. पन्नास मिनिटांची सत्तर केली. साखर वाढून डोकं बिघडतंय अशी माझी समजूत, म्हणून सकाळच्या दोन चपात्यांची एक केली. सुलभा जूनपासून मला रोज सकाळी गोळीबरोबर कारल्याचा रस द्यायची. तो कडू रस मी एक थेंब न ठेवता प्यायचो, कारण ती समोर उभी राहायची. मला बरं वाटायचं, की ही माझी काळजी घेते.

एका रविवारी शर्टाच्या खिशात बसचं तिकीट शोधत होतो. हाताला घडी केलेली चिठ्ठी लागली. नाव, सेक्टर, बिल्डिंग, खोली. अक्षर सुलभाचं. अण्णांच्या वेळी होतं तेच, फक्त नाव माझं.

मी ती चिठ्ठी होती तशी घडी करून परत खिशात ठेवली. आमची मुलगी अंजू कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. ती तेव्हा माझ्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली होती. अण्णांशी आम्ही तसंच बोलायचो.

*

ऑक्टोबरमध्ये सुलभाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती बारा दिवस माहेरी गेली. जाताना अंजूला बजावून गेली की बाबांना एकटं सोडू नकोस.

त्या बारा दिवसांत माझ्या वहीत चुकांच्या रकान्यात बारा शून्यं आहेत.

हे मी पाहिलं होतं. लाल पेन्सिलीनं खूणही केली होती. आधीच्या चुकांच्या वेळाही माझ्यासमोर होत्या, जवळजवळ सगळ्या साडेदहा ते बारामधल्या. ज्या माणसानं बावीस वर्षं लोकांच्या कार्डांवरून कोण उशिरा येतो, कोण दुसऱ्याचं कार्ड मारतो हे पकडलं, त्याला स्वतःच्या वहीतला अर्थ दिसला नाही. कारल्याचा रस घरात बारा दिवस झाला नव्हता, हे तर मनातही आलं नाही.

मी ते दिगूभाऊंना सांगितलं. चालता चालता म्हणालो, बाकी काही बदललं नाही, फक्त सुलभा घरी नव्हती, आणि एकसुद्धा चूक नाही.

"बायको माहेरी गेली की कुणाचंही डोकं चालतं, वसंतराव," ते म्हणाले.

सगळा ग्रुप हसला. मी सगळ्यांत जास्त. त्या क्षणी दिगूभाऊंना काय काय माहीत होतं ते मला पुढं दीड महिन्यानं कळलं.

नोव्हेंबरमध्ये सत्तावीस चुका झाल्या. शेवटची अशी, की दुपारी गेटवर बसलो असताना घरचा रस्ताच आठवेना. खिशातली चिठ्ठी काढून वाचली. मग मीच सुलभाला म्हणालो, मॅडमकडे जाऊ या.

*

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही चालत घरी आलो. घरात आल्यावर सुलभा चपला न काढता स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यामागून तिनं एक पुडकं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. तपकिरी चूर्ण. मी चिमूटभर तळहातावर घेऊन खिडकीशी नेलं. तपकिरी भुकटीत पांढरे कण होते.

दहा जूनपासून ती ते रोज रसात घालत होती. आधी अर्धा चमचा. मी जास्त विसरायला लागलो तसा नोव्हेंबरपासून सपाट एक. चूर्ण आणून द्यायचे दिगूभाऊ. पनवेलच्या पुढचा कुणी माणूस ते करतो, त्यानं साखरही उतरते आणि स्मरणशक्तीही टिकते, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर घेतलं असतंत?"

"नाही."

"म्हणून."

ती ओट्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "अण्णांचं सहा वर्षं केलं. कधी तक्रार केली का? पण तुमचं नाही होणार माझ्याच्यानं. तुम्ही मला ओळखलं नाहीत तर मी कुणाकडे बघायचं?"

मी म्हणालो, मला तीच भीती होती म्हणून तर एवढं सगळं करत होतो.

"माहितीय," ती म्हणाली. "दिगूभाऊंनी सांगितलं. तुमच्या मनातलं मला शेजाऱ्याकडून कळलं, अहो. माझ्यापाशी साखरेचं नाव आणि त्यांच्यापाशी खरं."

ते खरं होतं, पण म्हणून माझा राग गेला असं झालं नाही. ज्या हातानं तिनं अण्णांना भरवलं त्याच हातानं, माझ्यासमोर उभं राहून, मी शेवटचा घोट पिईपर्यंत वाट बघत, ती मला रोज काय देत होती हे तिलाही माहीत नव्हतं. एवढंच मी म्हणालो. ती रडली नाही. चिठ्ठी मागितली. मी खिशातून काढून दिली. तिनं ती गॅसवर धरली.

मॅडमनी पुडकं पाहिलं. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही म्हणाल्या, पण साखर उतरवायच्या गोळ्या कुटून अशा चूर्णात मिसळलेल्या याआधीही त्यांच्या पाहण्यात होत्या. गुण लगेच येतो, माणूस पुन्हा घेतो. माझी त्यांनी दिलेली एक गोळी, त्यावर ही न दिसणारी दुसरी, आणि मी स्वतःच अर्धी केलेली न्याहारी. त्यांनी माझ्या सकाळच्या दोन चपात्या परत चालू केल्या आणि चौदा दिवस रोज अकरा वाजता साखर तपासायला सांगितली. चौदा आकडे माझ्याकडे आहेत. सगळ्यांत कमी ९६. चुका एक, आणि ती छत्रीची.

फेब्रुवारीत मॅनेजरनी पगाराचं रजिस्टर परत दिलं. सगळं नाही, अर्धं. अर्धं त्या नव्या माणसाकडेच आहे. माझं काढलेलं तो पुन्हा तपासतो. मला ते दिसतं.

*

साखर किंवा रक्तदाब असलेल्या, माझ्या वयाच्या, घरात कुणाचं तरी विसरणं पाहिलेल्या माणसांसाठी हे लिहितो आहे. सवयी मी सोडलेल्या नाहीत. चालणं पुन्हा पन्नास मिनिटांवर आणलं. पाढे आता एकटा म्हणतो. मोडी वाचता यायला लागली आहे, अडखळत. या सगळ्याचा उपयोग होईल की नाही ते दहा-पंधरा वर्षांनी कळेल. पण विसरायला लागलात तर घाबरून घरात बसू नका, आणि उपाशी तर अजिबात राहू नका. घाम, थरथर आणि विसरणं एकत्र आलं तर आधी साखर तपासा. वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांची गोळी आपल्या मनानं वाढवू नका, बंदही करू नका. आणि भीती वाटत असेल तर ती ज्याच्याबरोबर राहता त्याला सांगा. मी ती चुकीच्या माणसाला सांगितली.

*

दिगूभाऊंना मी त्या मंगळवारनंतर दहा दिवसांनी भेटलो, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या वळणावर. बाकीचे पुढं गेले. मी पुडकं दाखवलं.

ते म्हणाले, त्यात काय घालतात ते मला काय माहीत, माझ्या बहिणीला त्यानं गुण आला होता. तसं असेलही. मी विचारलं, मी बारा दिवसांचं सांगितलं तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?

"वाटलं," ते म्हणाले. "पण वहिनींना शब्द दिला होता."

मी म्हणालो, शब्द मलाही दिला होता. दर पुड्यामागे त्यांना पंधरा रुपये सुटत होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दोन पुड्यांचे पैसे सुलभानं दिले नव्हते. दीडशेप्रमाणे तीनशे. आमचं त्यांच्याकडे काही बाकी राहू नये म्हणून मी ते बरोबर नेले होते. ते म्हणाले, राहू द्या, वसंतराव. मी हात तसाच पुढं ठेवला. मला वाटलं होतं ते घेणार नाहीत. तीन नोटा त्यांनी घेतल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

दहा डिसेंबरच्या सकाळपासून आमच्या घरी कारल्याचा रस होत नाही. गोळीबरोबर मी नुसतं पाणी पितो. ते पाणी सुलभाच आणून देते, आणि माझ्या हातात ग्लास देण्याआधी माझ्यासमोर त्यातला एक घोट स्वतः पिते. मी तिला तसं करायला सांगितलेलं नाही. तिनं ते पहिल्या दिवशी केलं, मला वाटलं दोन दिवसांत थांबेल. आज ९ जून, एकशे ब्याऐंशी दिवस झाले. "नको" एवढा एकच शब्द म्हणायचा आहे. रोज ग्लास हातात घेताना तो तोंडाशी येतो, आणि मी पाणी पिऊन ग्लास तिला परत देतो.